आधी नोंदी नीट करू, ॲपचं नंतर बघू

साताऱ्याच्या आमच्या शाळूसोबत्यांच्या ग्रुपवर सध्या जोरात वाद चालू आहे. वर्गणी काढून गावच्या वाचनालयाला मोबाइल ॲप करून द्यावं, असं निम्म्या मंडळींचं म्हणणं. बाकीचे म्हणतात, कर्मचाऱ्यांचे पगार अनुदानाची वाट बघतात, तिथे ॲप कशाला? मी मेलबर्नला सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणजे माझं मत ॲपलाच, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. तसं नाही.

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं ‘ट्रोव्ह’ हे संकेतस्थळ मी नेहमी वापरतो. पुस्तक देशात कोणकोणत्या ग्रंथालयांत आहे ते तिथे कळतं, शंभर वर्षांपूर्वीची वृत्तपत्रं वाचता येतात, आणि स्कॅनिंगमध्ये चुकलेला मजकूर वाचकच दुरुस्त करतात. पण ट्रोव्हची मोठी गोष्ट म्हणजे त्याचा खुला एपीआय, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रॅमना माहिती मागता यावी म्हणून ठेवलेली सोय. माणसाने पानं चाळायची गरज नाही. एका प्रोग्रॅमने थेट विचारायचं आणि ठरलेल्या साच्यात उत्तर घ्यायचं. त्याच्या जोरावर एखादा शब्द वृत्तपत्रांत कोणत्या काळात किती वेळा आला, हे दाखवणारी साधनं बाहेरच्या अभ्यासकांनी बनवली. इथेही सगळं आलबेल नाही. 2023 साली ट्रोव्ह पैशांअभावी बंद पडायची वेळ आली होती. लोकांनी आवाज उठवला, मग सरकारने निधी दिला.

ग्रंथालयं अशी सेवा देतात तशी घेतातही. छोट्या ग्रंथालयाने आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला ओळख क्रमांक, टाकला की मोठ्या ग्रंथालयाकडची त्या पुस्तकाची तयार नोंद उतरवून घेता येते. आपली अडचण इथेच सुरू होते. जुन्या मराठी पुस्तकांना आयएसबीएनच नाही, त्यामुळे नोंद हातानेच करावी लागते. आमच्या वाचनालयाची यादी मी मागवून पाहिली. युनिकोड ही सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरपद्धत येण्याआधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली, त्यामुळे माझ्या पडद्यावर नुसती रोमन अक्षरांची गिचमिड. ती बदलून घेतली तर ‘वि. स. खांडेकर’, ‘खांडेकर वि.स.’ आणि ‘खांडेकर विष्णु सखाराम’ असे तीन लेखक निघाले. काउंटरवरच्या काकांना तिघे एकच आहेत हे ठाऊक आहे. ते वाचकाला नावाने ओळखतात, दिवाळी अंक आठवणीने बाजूला काढून ठेवतात. हे मला इथे कुठे मिळालेलं नाही. पण यंत्राला ते तीन वेगळे लेखकच वाटणार, आणि अशा नोंदींवर कितीही देखणं ॲप चढवलं तरी निम्मी पुस्तकं सापडायची नाहीत.

नोंदी एकदा धड झाल्या की पुढचं फार अवघड नाही. 2000 साली न्यूझीलंडच्या एका ग्रंथालयात सुरू झालेलं ‘कोहा’ हे ग्रंथालयांसाठीचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आणि एपीआय त्यातच आहे. ‘अमुक तारखेनंतर काय नवीन आलं?’ असं दुसऱ्या संगणकाने विचारलं तर उत्तर देण्याचीही सोय आहे. मग वाई, कऱ्हाड, फलटणच्या याद्या एकत्र शोधता येतील. ‘पुस्तकांचं गाव’ म्हणवणाऱ्या भिलारला 2017 पासून घराघरांत पुस्तकं मांडली आहेत. कोणत्या घरी काय आहे, हे तिथे जायच्या आधीच कळेल. आणि यादीची प्रत गावाबाहेर राहील. 2019च्या महापुरात सांगलीच्या नगर वाचनालयात हजारो पुस्तकं भिजली. अशा वेळी काय काय गेलं, याचा तरी हिशेब लागायला हवा.

एक गोष्ट मात्र अजिबात खुली करायची नाही: कोणी कोणतं पुस्तक नेलं ते. एपीआयमधून पुस्तकांची माहिती जावी, सभासदांची नाही.

ग्रुपवरच्या दोन्ही बाजूंना माझं सांगणं आहे की वर्गणी काढाच, पण ॲपवाल्या कंपनीला देऊ नका. वाचनालयातल्या कर्मचाऱ्यांना नोंदी सुधारण्याच्या कामाचा वेगळा मोबदला द्या आणि सुट्टीत कॉलेजची दोन-चार मुलं पगारी मदतीला घ्या. माझा वाटा मी त्यासाठी पाठवतो, आणि कोहा बसवायचं काम इथून मी करून देईन.