सिनेमा कमरेने बघायचा असतो

२८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसच्या ग्राँ कॅफेत ल्युमिए बंधूंनी तिकीट लावून आपला पहिला खेळ केला, तेव्हा प्रेक्षकांनी एका बैठकीत दहा चित्रपट पाहिले. प्रत्येक चित्रपट मिनिटभराच्या आतला. म्हणजे अर्ध्या तासात मंडळी बाहेर, आणि 'आम्ही एका दिवसात दहा सिनेमे पाहिले' असं जन्मभर सांगायला मोकळी! १९३२ साली व्हेनिसला चित्रपट महोत्सव सुरू झाला तोसुद्धा हॉटेलच्या गच्चीवर, समुद्राचा वारा खात. पुढे कोणाच्या तरी डोक्यात आलं की हे सगळं बंदिस्त, थंडगार सभागृहात न्यावं आणि सकाळी नऊपासून रात्री अकरापर्यंत चालवावं. तेव्हापासून आमच्या कमरेचे हाल सुरू झाले.

घरच्यांना वाटतं, दिवसभर सिनेमे बघायचे म्हणजे चैन. त्यांना एकदा महोत्सवाचं वेळापत्रक हातात द्यायला हवं. एकाच वेळी चार-पाच पडदे, प्रत्येक चौकटीत सिनेमाचं नाव, देश, साल आणि मिनिटं. सकाळचा सिनेमा ११:४० ला संपतो, पुढचा १२ ला. मधे वीस मिनिटं हातात आहेत असं फक्त नवख्या माणसाला वाटतं. बाराच्या सिनेमाची रांग अकरालाच लागलेली असते. त्या रांगेतले काही जण सकाळचा सिनेमा अर्धवट टाकून आलेले असतात, काहींनी तो धरलेलाच नसतो. आणि काही जण मुळात सिनेमे बघतात की नाही, याचीच मला शंका आहे. ते एका रांगेतून निघून दुसऱ्या रांगेत जातात आणि दिवसभर प्रसन्न दिसतात.

तेव्हा जागा हवी असेल तर आधीच्या सिनेमाची शेवटची वीस-पंचवीस मिनिटं सोडायची, हा सरळ हिशेब. त्यामुळे मी पाहिलेल्या बऱ्याच सिनेमांना शेवटच नाही. आधी याची रुखरुख लागायची. मग लक्षात आलं, की जे शेवटपर्यंत बसतात त्यांच्याकडेही तो नसतो. इटालियन दिग्दर्शक अन्तोनिओनीच्या 'लाव्हेंतुरा'त एक बाई बेटावर नाहीशी होते आणि सिनेमा संपला तरी सापडत नाही. १९६० साली फ्रान्समधल्या कान महोत्सवात प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली आणि त्याच महोत्सवात त्याला ज्युरीचं पारितोषिक मिळालं. मला वाटतं, त्या दिवसापासून जगभरच्या प्रेक्षकांनी धसका घेतलाय. सिनेमा आवडला नाही असं आता कोणीही बोलत नाही. बाहेर पडताना कोणी विचारलं, 'कसा वाटला?' तर 'छायाचित्रण चांगलंय' म्हणायचं आणि चालू लागायचं.

रांगेत माझ्या पुढे हमखास एक काकू असतात. पाठीला उशी, गळ्यात चष्मा, खांद्यावर शाल. त्या पुस्तिका उघडतसुद्धा नाहीत.

"किती मिनिटांचा आहे हा?"

"एकशे चाळीस."

"मग नको. नव्वदच्या वरचं मी धरतच नाही."

"पण काकू, विषय चांगला आहे म्हणतात."

"विषय काय बघायचाय त्यात? सगळ्यांचा एकच असतो. एकटेपणा. नव्वद मिनिटांत होतो की!"

मी त्यांना हंगेरीचा दिग्दर्शक बेला तार याच्या १९९४ च्या 'सातानटँगो'बद्दल सांगितलं. सात तासांहून मोठा सिनेमा, आणि सुरुवातीलाच सुमारे आठ मिनिटांचा एक सलग शॉट, ज्यात गायी गोठ्यातून बाहेर पडून चिखलातून हिंडतात. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "मधे उठायला देतात का?" समीक्षेच्या जाडजूड ग्रंथात हा प्रश्न कुठे सापडत नाही, पण दुपारी तीननंतर सभागृहात बसलेल्या प्रत्येकाच्या मनात तोच असतो.

आत शिरल्यावर सबटायटलची लढाई. ती पडद्याच्या अगदी तळाशी असतात आणि तिथेच पुढच्या माणसाचं डोकं असतं. मी डावीकडे कलतो. मग माझ्यामागचा उजवीकडे, त्याच्यामागचा डावीकडे. असं करत करत वाऱ्यावरच्या ज्वारीगत अख्खं सभागृह डुलायला लागतं. पुढचं डोकं अचानक सरळ झालं की सगळे परत जागेवर. त्यातून नायिका बर्फातून चालत असली तर संपलंच. पांढऱ्या बर्फावर पांढरी अक्षरं! तिने नवऱ्याला सोडलं की नवऱ्याने तिला, हे मला आजतागायत कळलेलं नाही. विनोद झाला तर सभागृहात हशा तीन हप्त्यांत येतो. आधी ती भाषा जाणणारे दोघं-तिघं हसतात, मग भरभर वाचणारे, आणि शेवटी आम्ही. तोवर पडद्यावर प्रेतयात्रा निघालेली असते.

दुपारच्या खेळाला झोप येते. येणारच. इराणचे अब्बास किआरोस्तामी तर म्हणायचे, की प्रेक्षकाला निवांत डुलकी काढू देणारे सिनेमे त्यांना जास्त आवडतात. एवढा मोठा दिग्दर्शक पाठीशी असताना आपण कशाला लाजायचं? शिवाय शास्त्रही माझ्या बाजूने आहे. रिळांच्या काळात प्रोजेक्टरमध्ये सेकंदाला २४ चौकटी सरकायच्या आणि चौकट सरकताना दिसू नये म्हणून शटर दर वेळी प्रकाश अडवायचं. म्हणजे जुने प्रेक्षक जवळपास निम्मा वेळ निव्वळ अंधार बघत बसलेले असायचे, फक्त त्यांना कळायचं नाही. मी तेवढाच अंधार सलग घेतो. जागा झालो की बहुधा तोच म्हातारा त्याच खिडकीशी उभा असतो. शेजारच्याला हळूच विचारावं, "काही झालं का?" तर तो म्हणतो, "मीही आत्ताच उठलो."

कधी कधी मात्र काही न करता मोठी विश्रांती मिळते. हल्ली सिनेमा रिळात येत नाही, हार्ड डिस्कवर कुलूपबंद येतो. त्याची डिजिटल चावी वेगळी येते आणि ती ठरावीक प्रोजेक्टरला, ठरावीक मुदतीतच चालते. चावी लागली नाही की दिवे लागतात, आणि गळ्यात ओळखपत्र घातलेला एक घामाघूम मुलगा माईकवर येऊन 'थोडी तांत्रिक अडचण' जाहीर करतो. सभागृहातलं कोणीही उठत नाही. उठलं की जागा गेली! अर्धा तास सगळे कोऱ्या पडद्याकडे बघत बसतात. मागे एकदा अशाच वेळी माझ्या शेजारचे गृहस्थ म्हणाले, "सकाळच्यापेक्षा हा बरा आहे."

आणि मग प्रश्नोत्तरं. दिग्दर्शक सातासमुद्रापलीकडून आलेला, सोबत दुभाषी. तिसऱ्या रांगेतून एक हात वर होतो. माईक मिळताच त्या हाताचे मालक उभे राहतात, खिशातून चार घड्यांचा कागद काढतात, तो मांडीवर पसरून सरळ करतात आणि म्हणतात, "प्रश्न असा नाही, थोडं निरीक्षण आहे." ल्युमिए बंधूंचा अख्खा कार्यक्रम उरकेल एवढा वेळ जातो. निरीक्षणात युद्ध असतं, भांडवलशाही असते, आणि सिनेमात तीनदा दिसलेला काळा कुत्रा म्हणजे इतिहासाचं ओझं असल्याचं प्रतिपादन असतं. दुभाषी त्याचं एका वाक्यात भाषांतर करतो. दिग्दर्शक एका वाक्यात उत्तर देतो. दुभाषी सांगतो, "कुत्रा शेजाऱ्यांचा होता, हाकलला तरी जात नव्हता." निरीक्षक समाधानाने मान हलवून खाली बसतात आणि शेजाऱ्याला म्हणतात, "बघा, मी म्हटलंच होतं."

रात्री बाहेर पडलं की मित्राची गाठ पडते. तोही दिवसभर आतच होता, पण दुसऱ्या पडद्यांवर. त्या बापाचं वागणं पटलं नाही, असं तो म्हणतो. मलाही पटलं नव्हतं. मुलीने निदान पत्र तरी लिहायला हवं होतं, असं मी म्हणतो, त्यालाही ते मान्य. पार्किंगपर्यंत आमची उत्तम चर्चा होते. गाडीची किल्ली लावताना कळतं, की त्याचा बाप अर्जेंटिनाचा होता आणि माझा पोलंडचा. त्याने आमच्या मतांत काडीचाही फरक पडत नाही.

घरी बायको जागी असते.

"काय काय पाहिलंस?"

मी सांगायला सुरुवात करतो. एक विधवा असते. तिच्या गावात शाळा बंद पडते. मग डोंगरावरून एक घोडा येतो. तो बहुधा दुसऱ्या सिनेमातला, पण आता एवढं सांगून झाल्यावर त्याला बाहेर कसा काढणार? घोड्याचा मालक तुरुंगात. विधवा त्याला भेटायला ट्रेनने निघते, ट्रेनमध्ये कोणीच बोलत नाही, बाहेर बर्फ. बायको आता उशीला टेकून, मन लावून ऐकतेय. इतक्या ओघवत्या कथेचा सिनेमा महोत्सवात कोणीच दाखवलेला नाही.

"मग? त्या घोड्याचं काय झालं?"

"ते दिग्दर्शकाने प्रेक्षकांवर सोडलंय," मी म्हणतो आणि सकाळी आठचा गजर लावतो.