ट्रॉफी नसलेला नाटकाचा क्लास

घरच्या मित्रांशी फोनवर बोलताना हमखास तोच वाद निघतो, नवीन नाटककार कुठायत, मग एक जण म्हणतो एकांकिका स्पर्धा आहेत की, दुसरा म्हणतो स्पर्धांनीच वाट लावली, पोरं परीक्षकांसाठी लिहितात. मी इतकी वर्षं परदेशात, मला बोलायचा हक्क किती ते सोडा, पण बोलतो.

इथे दर गुरुवारी कम्युनिटी हॉलमध्ये नाटकाचा क्लास असतो, कुणीही यावं. मी गेलो अ‍ॅक्टिंग करायला. सुरुवातीला नुसते खेळ, आपण कोण, कुठे आणि काय करतोय एवढं ठरवायचं की सुरू. याचं मूळ व्हायोला स्पोलिन या नाटक शिकवणाऱ्या अमेरिकन बाईंच्या खेळांत, १९३९ च्या सुमारास शिकागोत स्थलांतरितांच्या मुलांसोबत काम करताना त्यांनी ते रचायला घेतले. तर आमच्यात एक रिटायर्ड बस ड्रायव्हर आहेत, खेळता खेळता बाप-लेकीचं भांडण सुचलं म्हणून तीन पानं लिहून आणली. वाचणारीने चुकून चार ओळी गाळल्या, नेमक्या बाप का चिडलाय ते सांगणाऱ्या, आणि सीन असला टाइट झाला की बास! ड्रायव्हर आजोबांनी खिशातून पेन काढलं, त्या ओळींवर काट मारली, कुणाला काही विचारलं नाही. लेखन शिकवणारं एकही लेक्चर झालं नव्हतं हो.

आपल्याकडे काहीच नाही असं अजिबात नाही. पुण्यातली पुरुषोत्तम करंडक ही एकांकिका स्पर्धा १९६३ पासून आहे, तिथल्याच थिएटर अकादमी या नाट्यसंस्थेने ऐंशीच्या दशकात खास नवीन नाटककारांसाठी योजना चालवली, नाटककार सतीश आळेकर त्यात पुढे होते. पण पुरुषोत्तम कॉलेजवाल्यांचा, चाळिशीत पहिला कच्चा ड्राफ्ट लिहिणाऱ्याने तो कुणाकडून वाचून घ्यायचा? स्पर्धेत कच्चं चालत नाही, तिथे ठरलेल्या वेळेत पक्कंच लागतं.

इथलं सगळं भारी असंही नाही. सगळे गोड, काहीही वाचा, लव्हली! आपल्या तालमीत कुणीतरी तोंडावर म्हणतं, हे काय लिहिलंयस, ते मी फार मिस करतो.

मीही एक सीन लिहिला, मराठीत, कारण भांडण मला दुसऱ्या भाषेत येतच नाही. क्लाससाठी भाषांतर केलं तर आईचा टोमणा साधी चौकशी वाटला. म्हणून मित्रांना सांगितलंय, रविवारी चार जण जमा, मोठ्याने वाचा, मी व्हिडिओ कॉलवर ऐकतो, आणि प्लीज कुणी छान म्हणू नका.