समुद्राची वाट लावायचीय? मग आधी मोजणाऱ्यांना आवरा

हे बघा, समुद्राची निवांत वाट लावायची असेल तर एकच पथ्य पाळा, तो आधी मोजून ठेवू नका. इंग्रजांनी नेमका तोच घोळ घातला. 1872 च्या डिसेंबरात 'चॅलेंजर' नावाची चांगली धडधाकट लढाऊ बोट घेतली, दोन सोडून बाकी सगळ्या तोफा उतरवल्या आणि त्या जागी काय भरलं तर काचेच्या बरण्या, मैलोन् मैल दोरखंड आणि पिंपंच्या पिंपं स्पिरिट, तेही प्यायला नाही, किडेमासे बुडवायला!

साडेतीन वर्षं हेच. दोर सोडा, चिखल ओढा, थर्मामीटर बघा, पुढे चला. असे 362 मुक्काम. 23 मार्च 1875 ला पॅसिफिकमध्ये दोर सोडला तो आठ किलोमीटर खाली गेला तेव्हा कुठे तळ लागला. थॉमसन, मरे वगैरे शास्त्रज्ञ चिखल बघून खूश व्हायचे हो, पण तो ओढणाऱ्या खलाशांचा जीव मेटाकुटीला यायचा, बरेच जण बंदर लागलं की बोट सोडून पळून गेले. माझ्या मते अख्ख्या बोटीवर शहाणे तेवढेच. बाकीच्यांनी 50 खंडांचा रिपोर्ट काढला, 1895 पर्यंत छपाई चालू, थॉमसन तर मधेच 1882 ला वारला.

आणि आता भोगा. आज समुद्रात तरंगत तापमान मोजणाऱ्या आर्गो फ्लोट नावाच्या यंत्रांचे आकडे चॅलेंजरच्या आकड्यांशेजारी ठेवले तर वरचं पाणी अर्ध्या डिग्रीहून जास्त तापलेलं निघतं. तेव्हाच्या प्लँक्टनची, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जिवांची, कवचं लंडनच्या म्युझियममध्ये पडून होती, ती आजच्यांशी ताडून बघितली तर आजची पातळ, एका जातीत तर 76 टक्क्यांपर्यंत. कवचं जपून ठेवली नसती तर कुणाला पत्ता लागला असता का? तेव्हा जुन्या बरण्या दिसल्या की भंगारात घाला.

समुद्राच्या तळावर पडलेले मँगनीज धातूचे काळे गोटे पण याच लोकांनी वर काढले. दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढतात म्हणे, म्हणजे वाट बघण्यात अर्थ नाही, मशीन लावा आणि एका सीझनमध्ये उचलून मोकळे व्हा. आपणही मागे नाही, गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेच्या 'गवेषणी' बोटीने 1981 मध्येच असे गोटे काढले होते आणि आज हिंदी महासागरातला 75,000 चौरस किलोमीटर तळ शोधकामासाठी आपल्या वाट्याला आहे. फक्त एक काळजी घ्या, खोदण्याआधी खाली कोण कोण राहतं ते मोजू द्या म्हणत कुणी शास्त्रज्ञ आला तर त्याला चहा पाजा, बिस्किटं द्या, आणि यंदा बजेट संपलंय म्हणून सांगा.