‘ऑप्शनमध्ये प्ले-कॉलिंग असतंच कुठे?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

अमेरिकन फुटबॉलमधल्या एअर रेड (पासवर भर देणारा हल्ला) आणि ट्रिपल ऑप्शन (धावण्यावर भर, चेंडू कोणी न्यायचा हे क्वार्टरबॅक ऐनवेळी ठरवतो असा हल्ला) यांवरच्या माझ्या लेखाखाली परवा एक निनावी प्रतिक्रिया आली. ती अशी (प्ले-कॉलिंग म्हणजे पुढची चाल, म्हणजे प्ले, कुठली ते ठरवून सांगणं): “यूट्यूबवर क्लिपा बघून लेख पाडण्याआधी खेळ शिकून घ्या. ऑप्शनमध्ये प्ले-कॉलिंग असतंच कुठे? दिवसभर तोच एक प्ले. शिवाय जॉर्जिया टेक विशबोन नाही, फ्लेक्सबोन खेळायचं. आणि ऑप्शन एवढा भारी असेल तर बड्या कॉलेजांनी तो सोडला का?”

फ्लेक्सबोनचं तुमचं बरोबर आहे. ऑप्शन खेळताना खेळाडू उभे करायच्या या दोन रचना. विशबोनमध्ये तिन्ही बॅक (चेंडू घेऊन धावणारे) क्वार्टरबॅकच्या (हल्ल्याच्या सूत्रधाराच्या) मागे असतात. जॉर्जिया टेकचे तेव्हाचे कोच पॉल जॉन्सन यांच्या रचनेत त्यातले दोघे लाइनच्या दोन टोकांपाशी उभे राहतात. चूक माझी. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार.

पण ‘लेख पाडणे’? चूक दाखवायला हा सूर लागतो का? मी २००६ ते २००९ टेक्सासमधल्या लबकला होतो, टेक्सास टेकमध्ये एमएस करत. पहिल्या सामन्याला रूममेटने ओढून नेलं, तेव्हा किकऑफला लोक टॉर्टिया का भिरकावतात हेसुद्धा मला कळत नव्हतं. पुढे कोच माइक लीच यांच्या, एअर रेड खेळणाऱ्या संघाचा घरचा एकही सामना चुकवला नाही. १ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मी विद्यार्थ्यांच्या गर्दीत उभा होतो. देशात पहिल्या क्रमांकाचा, टेक्सास विद्यापीठाचा संघ ३३-३२ ने पुढे, घड्याळात ८ सेकंद. आमचा क्वार्टरबॅक ग्रॅहम हॅरेलने फेकलेला चेंडू रिसीव्हर (पास झेलणारा) मायकल क्रॅबट्रीने साइडलाइनला चिकटून, मागे वळून घेतला, अंगावर आलेल्याला झटकलं आणि तो एंड झोनमध्ये (मैदानाच्या टोकाच्या, गुण मिळवून देणाऱ्या पट्ट्यात) शिरला. १ सेकंद उरला होता. ३९-३३. माझा घसा तीन दिवस बसला होता. क्लिपांचं मला सांगू नका.

आता ‘दिवसभर तोच एक प्ले’ या वाक्याकडे येतो, कारण मला खरं लागलं ते हेच.

ट्रिपल ऑप्शनमध्ये डिफेन्सिव्ह एंडला, म्हणजे बचावफळीच्या टोकाच्या खेळाडूला, मुद्दाम कोणी ब्लॉक करत (अडवत) नाही. स्नॅप होताच (चेंडू खेळात येताच) क्वार्टरबॅक फुलबॅकच्या (मधल्या बॅकच्या) पोटाशी चेंडू धरतो, पण नजर त्या एंडवर. एंड बाहेरच थांबला, तर चेंडू फुलबॅकलाच. एंड फुलबॅककडे आत वळला, तर चेंडू काढून घ्यायचा आणि बाहेर पळायचं. बाहेर दुसरा माणूस अंगावर आला, तर त्याच्या डोळ्यांदेखत चेंडू पिच करायचा, म्हणजे बाजूच्या बॅककडे फेकायचा. हे सगळं दोनेक सेकंदांत. बाकावरून आलेला प्ले एकच, पण त्याचे शेवट तीन, आणि तुम्ही म्हणता प्ले-कॉलिंग नाही!

जॉन्सन हातात प्ले-शीटसुद्धा न घेता स्वतः प्ले सांगायचे. ते बघायचे की पिचकडे धावतंय कोण. सेफ्टी (सगळ्यात मागचा बचावपटू) अधीर होऊन पुढे यायला लागला, की त्याच्या डोक्यावरून पास. २००९ मध्ये त्यांचा रिसीव्हर डेमेरियस थॉमसचे झेल फक्त ४६, पण यार्ड ११५४, म्हणजे दर झेलामागे २५ यार्ड. हे आपोआप घडतं का? आधीचे कितीतरी रन त्या एका पासची तयारी असतात. ते तुम्हाला ‘तोच प्ले’ दिसत असेल, तर तुम्ही फक्त चेंडूकडे बघताय.

आणि लीच? त्यांच्या हातात घडी घातलेला एक छोटासा कागद असायचा. मेश, फोर व्हर्टिकल्स असे मोजके प्ले, सरावात अक्षरशः घोटलेले, आणि समोरचा बचाव बघून प्ले बदलायची क्वार्टरबॅकला मोकळीक. तेच तेच खेळणं हा दोष असेल, तर तो एअर रेडलाही लावा. लीच विशबोनचं कौतुक करायचे, ते उगाच नाही. चेंडू सगळ्यांच्या हाती गेला पाहिजे, बचावाला मैदानभर पसरवलं पाहिजे, हे दोन्हीकडे सारखंच. माझा अख्खा लेख एवढंच म्हणत होता. तुम्ही तो शेवटपर्यंत वाचलात असं तुमच्या प्रतिक्रियेवरून वाटत नाही.

बड्या कॉलेजांनी ऑप्शन सोडला, त्यात रिक्रूटिंग (नवे खेळाडू मिळवणं) आहे, एनएफएलची, म्हणजे व्यावसायिक लीगची, स्वप्नं पाहणारे क्वार्टरबॅक-रिसीव्हर आहेत. तो वेगळा विषय, त्याने रचना वाईट ठरत नाही. २२ सप्टेंबर २०१८ ला आर्मीने (अमेरिकेच्या लष्करी अकादमीच्या संघाने) हाच ‘एक प्ले’ घेऊन ओक्लाहोमाच्या मैदानात जवळपास ४५ मिनिटं चेंडू स्वतःकडे ठेवला. लिंकन रायली यांचा, कायलर मरेसारखा क्वार्टरबॅक असलेला संघ बाकावर बसून होता. सामना ओव्हरटाइमला गेला, आर्मी २१-२८ ने हरली. तो सामना पुन्हा लावा, चेंडू सोडा, दर स्नॅपला फक्त ब्लॉक न झालेल्या एंडकडे बघा. मग लिहा, आणि या वेळी नावानिशी लिहा.