युरोपात गाडी घेऊन जाताय? मग कमी फिरा

परवा माझ्या मावसबहिणीने तिचा युरोपचा प्लॅन व्हॉट्सॲपवर पाठवला. ११ दिवस, ५ देश, भाड्याची गाडी, सोबत मावशी आणि काका. वाचतानाच मला धडधडायला लागलं, कारण ६ वर्षांपूर्वी आम्ही आईबाबांना जवळपास असाच प्रवास घडवला होता (टूरच्या बसने) आणि त्यातलं काय आठवतं असं आईला आज विचारलं तर ती म्हणते, रोज सकाळी ६ ला बॅगा खोलीबाहेर ठेवायच्या, तेवढं आठवतं. फार वाईट वाटतं ते ऐकून. म्हणून हे लिहितेय, बहिणीसाठी आणि जे कोणी आईवडिलांना घेऊन जायचं ठरवताय त्यांच्यासाठी पण.

मागच्या वर्षी जूनमधे आम्ही चौघं, आईबाबा, नवरा आणि मी, फ्रान्सच्या नैऋत्येला दोर्दोन्य नदीच्या खोऱ्यात जाऊन राहिलो. या भागाचं जुनं नाव पेरिगोर. आयफेल टॉवर नाही, बर्फ नाही. नदी आहे, अक्रोडाच्या बागा आहेत, मधाच्या रंगाच्या दगडांची गावं आहेत आणि कड्यांवर किल्ले. सार्ला या गावापासून १५ मिनिटांवर शेतातलं एक घर घेतलं, ९ रात्री तेच. तिकडे अशी भाड्याची घरं भरपूर मिळतात, फक्त जुलै-ऑगस्टमधे ती बहुतेक शनिवार ते शनिवारच देतात आणि गर्दीही प्रचंड असते, त्यामुळे जून किंवा सप्टेंबर बघा.

माझं ठाम मत झालंय की प्लॅनिंगला बसल्यावर आधी बघायच्या ठिकाणांची यादी करूच नये. आधी घर ठरवावं, मग नकाशावर त्याच्याभोवती तासाभराच्या ड्राइव्हचं एक वर्तुळ काढावं आणि बाहेर जे राहील ते सोडून द्यावं. आम्ही पादिराकचं विवर सोडलं, जमिनीखाली १०० मीटरवर नदी आणि तिथे होडीतून फिरवतात, नवऱ्याला ते फार बघायचं होतं. पण जाऊन येऊन अडीच तास गाडीत आणि वर जिने, आईच्या गुडघ्यांना कशाला तो त्रास. नाही गेलो. आणि एकदाही कुणी त्याची आठवण काढली नाही.

गाडीचं थोडक्यात सांगते. इंटरनॅशनल परमिट आपल्या आरटीओतून मिळतं, एक वर्ष चालतं, पण मूळ लायसन्स बरोबर लागतंच. ऑटोमॅटिक गाडी हवी असेल तर आधीच तशी मागा, कारण तिकडे गिअरची देण्याची पद्धत जास्त आहे. डिपॉझिटला गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं, आमचा काउंटरवर यातच पाऊण तास गेला कारण बुकिंग माझ्या नावावर आणि कार्ड नवऱ्याचं. आणि विमानातून उतरल्या उतरल्या गाडी हातात घेऊ नका. आम्ही पहिली रात्र बोर्दोत झोपलो, दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो, सार्लापर्यंत साधारण अडीच तास लागतात. रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची सवय तासाभरात होते, अवघड आहे तो तिथला एक नियम. जिथे वेगळी पाटी नाही तिथे उजवीकडच्या रस्त्याने येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, तो अगदी छोट्याशा गल्लीतून येत असला आणि आपण मोठ्या रस्त्यावर असलो तरी. खेड्यांमधे हे हमखास लागतं. मी शेजारी बसून सारखी "उजवीकडे बघ, उजवीकडे बघ" म्हणत होते.

खाण्याचं नीट वाचा, आमच्यासारखे शाकाहारी असाल तर विशेष. हा सगळा बदकाचा आणि हंसाचा मुलूख आहे. सार्लाचे परतलेले बटाटे म्हणून एक पदार्थ सगळीकडे मिळतो, लसूण-पार्स्ली घातलेला, दिसायला आपल्या बटाट्याच्या काचऱ्यांसारखा, पण तो बदकाच्या चरबीत परततात. मेनूत बटाटे बघून ऑर्डर देऊ नका, विचारा. म्हणूनच स्वयंपाकघर असलेलं घर घ्या म्हणते. सार्लाला बुधवारी आणि शनिवारी बाजार भरतो, सँ सिप्रियाँला रविवारी, दोमला गुरुवारी, आम्ही आठवडा त्या बाजारांवरच बेतला. स्ट्रॉबेरी, टोमॅटो, बकरीच्या दुधाचं छोट्या चकतीएवढं चीज, अक्रोडाचा केक. सार्लात एका जुन्या चर्चमधेच मंडई केलीय, उंचच्या उंच दारं, आई तिथे कितीतरी वेळ नुसती बघत उभी होती. दुपारी १२ ते २ खेड्यातली दुकानं बंद, रविवारी दुपारनंतर तर बहुतेक सगळंच बंद, त्यामुळे दूध-ब्रेड शनिवारीच आणून ठेवायचा.

आता गुहा. लास्कोची गुहा १९४० मधे चार मुलांना सापडली, आत हजारो वर्षांपूर्वीचे रंगवलेले बैल आणि घोडे. लोकांच्या श्वासाने आणि त्यातल्या कार्बन डायऑक्साइडने चित्रं खराब व्हायला लागली म्हणून १९६३ मधे ती कायमची बंद केली, आता माँतिन्याकला २०१६ मधे उघडलेली हुबेहूब प्रतिकृती बघता येते. अजिंठ्याला माणसं मोजून आत का सोडतात ते बाबांना इथे आल्यावर पटलं. प्रतिकृती सुंदरच आहे, पण मला जास्त सांगायचंय ते रुफिन्याकबद्दल. ती खरीखुरी गुहा आहे आणि आत छोट्या विजेच्या रेल्वेतून नेतात, म्हणजे गुडघे दुखणाऱ्यांनाही जाता येतं. आत १३ अंश असतं, स्वेटर न्या. गाडी थांबते, दिवा वर फिरतो आणि छतावर काळ्या रेषांनी काढलेले मॅमथ दिसतात. आईने अंधारात माझा हात धरला तो बाहेर येईपर्यंत सोडला नाही.

बाबा जन्मभर सह्याद्रीतले किल्ले चढलेले, आता चढवत नाही. इथे बेनाक आणि कास्तेलनो हे दोन किल्ले नदीच्या दोन काठांवर एकमेकांवर नजर ठेवून उभे आहेत, शंभर वर्षांच्या युद्धात एक फ्रेंचांकडे आणि एक इंग्रजांकडे. ला रोक-गाजाकहून सपाट तळाच्या जुन्या धाटणीच्या होड्या सुटतात, त्यातून दिसतो कास्तेलनो. बाबांनी होडीतूनच तोफा कुठे लावल्या असतील याचा हिशोब मांडला, मग उतरल्यावर काठावर बसून तोच विषय, संध्याकाळ होईपर्यंत. पुढच्या ठिकाणी पोचायचंच नव्हतं त्यामुळे उठा म्हणायला कुणी नव्हतं. ९ दिवसांत आम्ही दोन दिवस तर गाडी बाहेरच काढली नाही. शेजारच्या आजी चेरी घेऊन आल्या, आईने त्यांना चहा केला, आलं घातलेला, दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती तरी तासभर अंगणात बसल्या होत्या.

तर ताई, तुझ्या ५ देशांतला एक ठेव. व्हिसाचा अर्ज ६ महिने आधीपासून करता येतो, म्हणजे जूनसाठी डिसेंबरात, आणि राहण्याची सगळी बुकिंग्ज त्यात दाखवावी लागतात, एकच घर असलं की ते कामही सोपं होतं. मावशीसाठी बेडरूम तळमजल्यावर असलेलं बघ, तिथल्या जुन्या घरांचे जिने फार उभे असतात. रात्री फोन कर, मी नकाशा उघडून बसते.