‘नव्या लॅपटॉपवर जुनाट सॉफ्टवेअर’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार शेठ,

तुमचा अभिप्राय वाचला. दोन स्टार दिलेत आणि लिहिलंत की ऑफिसची नवी आवृत्ती, मायक्रोसॉफ्ट ३६५, असलेला कोरा लॅपटॉप घेऊनही आम्ही आडतीचा प्रोग्राम ॲक्सेसच्या (ऑफिसमधल्या, माहिती साठवायच्या सॉफ्टवेअरच्या) २०१० च्या आवृत्तीच्या मापाने बांधला. त्यामुळे नवे चार्ट नाहीत, ‘लार्ज नंबर’ (खूप मोठे आकडे ठेवायचा प्रकार) नाही, प्रत्येक मशीनवर वेगळी फाइल टाकावी लागते आणि वर जुन्या आवृत्तीवरच्या चाचणीचे पैसे वेगळे लावले. हे इतर व्यापारीही वाचणार, म्हणून उत्तर इथेच सविस्तर देतो.

लॅपटॉप नवा आहे, पण पट्टी, म्हणजे शेतकऱ्याला द्यायचा विक्रीचा हिशेब, लॅपटॉपवर होत नाही. ती होते पेढीवर, दिवाणजींच्या दोन पीसींवर, आणि तिथे विंडोज ७ वर ऑफिस २०१० चालतं. ते पीसी इतक्यात बदलायचे नाहीत, हे काम ठरतानाच तुम्ही सांगितलं होतं. एका पेढीत दोन आवृत्त्या असल्या की बांधणी त्यातल्या सगळ्यात जुन्या आवृत्तीवर करायची, हा आमचा नियम आहे. जुन्या ॲक्सेसमध्ये केलेलं काम नव्यात सहसा चालतं. नव्यात केलेलं जुन्यात चालेल याची खात्री कुणीच देऊ शकत नाही.

एक्सेलला हिशेब पाठवायचं बटण घ्या. नेहमीच्या पद्धतीने केलं तर प्रोग्राम एक्सेलच्या ठरावीक आवृत्तीच्या लायब्ररीला (तयार कोडच्या फाइलला) बांधलेला असतो; या जोडणीला संदर्भ म्हणतात. फाइल ३६५ मध्ये उघडली की तो संदर्भ आपोआप आवृत्ती १४ (ऑफिस २०१०) वरून १६ (३६५) वर चढतो, पण परत खाली उतरत नाही. मग तीच फाइल दिवाणजींनी २०१० मध्ये उघडली की संदर्भासमोर ‘मिसिंग’ येतं आणि नुसतं एक्सेलचं बटणच नाही, आजची तारीख देणारं साधं ‘डेट’ फंक्शनसुद्धा अडून बसतं. सौदे निघालेत, शेतकरी पट्टीसाठी उभा आहे आणि पट्टीवर तारीख येत नाही, ही वेळ आम्हाला तुमच्यावर येऊ द्यायची नव्हती. म्हणून तो संदर्भ आम्ही ठेवलाच नाही. त्या मशीनवर जे एक्सेल असेल ते प्रोग्राम चालतानाच ‘क्रिएटऑब्जेक्ट’ने उघडलं जातं.

प्रत्येक मशीनवर वेगळी फाइल असण्याचं कारणही या दोन आवृत्त्याच. डेटा एकाच ठिकाणी, एकाच फाइलमध्ये आहे. मशीनवर असतात ते फक्त फॉर्म आणि रिपोर्ट. त्यातून तुमचा लॅपटॉप ६४ बिट ऑफिसवर आणि पेढीवरचे पीसी ३२ बिट ऑफिसवर, म्हणून एसीसीडीई (कोड बंद करून दिलेली प्रोग्रामची) फाइलही दोन कराव्या लागतात. एकीकडची दुसरीकडे उघडत नाही. तारीख निवडायचं जुनं कंट्रोल ६४ बिटमध्ये मिळत नाही, म्हणून सगळीकडे ॲक्सेसचं स्वतःचं कॅलेंडर वापरलं. विंडोजला थेट हाक मारणाऱ्या प्रत्येक ओळीत ‘पीटीआरसेफ’ हा शब्द घातला, त्याशिवाय ती ६४ बिटमध्ये चालत नाही. पडद्यावर यातलं काही दिसत नाही, पण चाचणीचे पैसे याच कामाचे आहेत आणि अंदाजपत्रकात ती ओळ आधीपासून होती.

‘लार्ज नंबर’बद्दल. हा प्रकार एकदा टेबलात घातला की ती फाइल २०१० मध्ये उघडत नाही, आणि ते मागेही घेता येत नाही. तुम्हाला त्याची गरजही नाही. पट्टीचे नंबर ‘लाँग इंटिजर’ या साध्या आकड्यांच्या प्रकारात २१४ कोटींपर्यंत जातात. रकमा ‘करन्सी’मध्ये आहेत, तिथे मर्यादा ९२२ लाख कोटींच्या पुढे आहे आणि पैशांचा हिशेब दशांशात चुकत नाही. आडत, हमाली, तोलाई वजा करताना मला हेच महत्त्वाचं वाटतं.

आता अभिप्रायात न आलेली एक गोष्ट. शेतकऱ्यांची जुनी खाती तुम्ही दिलीत ती ॲक्सेस ९७ च्या फाइलमध्ये होती. ती फाइल तुमच्या नव्या लॅपटॉपवर उघडतच नाही, कारण २०१३ पासून ॲक्सेसने ९७ ची फाइल घेणं बंद केलं. ती उघडली २०१० नेच, ज्याला तुम्ही जुनाट म्हणता. आत नावं जुन्या मराठी फाँटमध्ये होती, युनिकोडमध्ये नाही. फाँट बदलला की गावाचं नाव म्हणजे इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोळा. ॲक्सेस ९७ ला युनिकोड येतच नव्हतं, ते २००० पासून आलं. एक एक खातं युनिकोडमध्ये आणून नावं दिवाणजींकडून तपासून घेतली. कामाला जो वेळ लागला त्यातला मोठा भाग इथे गेला. आज नाव मराठीत टाइप केलं की खातं समोर येतं, पेढीवर आणि लॅपटॉपवरही. ‘दुसऱ्याने एका दिवसात करून दिलं असतं’ हे तुमचं वाक्य म्हणूनच मला मान्य नाही.

पेढीवरचं जुनं झालंय, हे मात्र खरं. विंडोज ७ च्या सुरक्षा दुरुस्त्या १४ जानेवारी २०२० ला थांबल्या, ऑफिस २०१० च्या १३ ऑक्टोबर २०२० ला. ते दोन पीसी इंटरनेटला जोडू नका, आणि पुढच्या हंगामाआधी बदलता आले तर बदला. तोवर डेटाच्या फाइलची प्रत रोज पेनड्राइव्हवर काढायची, हे दिवाणजींना दाखवून ठेवलं आहे.

चार्ट तुम्ही एकटेच बघणार असाल तर त्यासाठी पेढी थांबवायला नको. फक्त लॅपटॉपपुरती एक वेगळी फाइल करतो. ती त्याच डेटाला जोडलेली असेल, त्यात नव्या पद्धतीचे चार्ट असतील आणि तिच्यातून नोंदी बदलता येणार नाहीत. दिवाणजींच्या पीसीवर ती टाकायचीच नाही. याचे वेगळे पैसे नाहीत. सौदे नसतील असा दिवस कळवा, येऊन बसवून देतो.