लाकडी डबे स्टील आलं म्हणून भंगारात गेले? अजिबात नाही

अमेरिकेतल्या जुन्या इंटरअर्बनबद्दल, म्हणजे गावागावांना जोडणाऱ्या विजेच्या रेल्वेबद्दल, एक पोस्ट सगळीकडे फिरतेय. म्हणे त्यांचे लाकडी डबे म्हणजे नुसती लांब केलेली ट्राम, स्पीड नाही, अपघातात काडेपेटी, स्टील आल्यावर लगेच भंगारात, आणि या जुनाट डब्यांमुळेच कंपन्या बुडाल्या. एकेक बघू, आणि शिकागोच्या ऑरोरा-एल्जिन लाईनवरच बघू कारण तिथे हे सगळं स्वच्छ दिसतं.

"ट्राम, स्पीड नाही". ही लाईन 1902 मध्ये सुरू झाली, आपल्या लोकलसारखी वरून वायर नाही, तर रुळाशेजारच्या तिसऱ्या रुळातून 600 व्होल्ट डीसी. नाइल्स आणि स्टीफन्सन कंपन्यांचे ते पहिले लाकडी डबे ताशी 60 मैलांच्या वर पळायचे आणि 1905 पासून याच गाड्या एलिव्हेटेडच्या, म्हणजे खांबांवर उभारलेल्या शहरी रेल्वेच्या रुळांवरून थेट शिकागोच्या मध्यात जायच्या. तीन-चार डबे जोडून, प्रत्येकाला स्वतःच्या मोटर, आणि सगळ्यांचा कंट्रोल पुढच्या एका मोटरमनकडे. ही ट्राम?

"अपघातात काडेपेटी". यात तथ्य आहे आणि ते मी नाकारणार नाही. 1910 मध्ये इंडियानात किंग्सलंडजवळ दोन गाड्या सिंगल ट्रॅकवर समोरासमोर धडकल्या, एक डबा दुसऱ्यात घुसला आणि 40 च्या वर माणसं गेली. पण म्हणून प्रत्येक लाकडी डबा तकलादू होता असं नाही. डब्याखाली ट्रस रॉड, म्हणजे आधार देणाऱ्या लोखंडी सळ्या, त्या टर्नबकल, म्हणजे आट्यांचा जोड, फिरवून ताणायच्या म्हणजे बॉडी मधे खाली बसत नाही, आणि नंतरनंतर तर बऱ्याच डब्यांच्या तळात स्टीलचे बीमच असायचे. किंग्सलंडला दोन गाड्या एकाच ट्रॅकवर समोरासमोर आल्या, ती चूक गाड्या चालवण्यातली होती, ती डब्याच्या लाकडावर का ढकलायची?

"स्टील आल्यावर भंगारात". हे तर सरळ खोटं. ऑरोरा-एल्जिनने 1923 मध्ये पुलमन कंपनीकडून स्टीलचे 20 डबे घेतले, मग दुसऱ्या कंपन्यांकडून 1927 मध्ये अजून 15, 1945 मध्ये अजून 10, आणि त्यानंतर 1946 मध्ये काय घेतलं, तर नॉर्थ शोअर लाईन या शिकागोच्याच दुसऱ्या इंटरअर्बनचे सेकंडहँड लाकडी डबे! पैसा कमी होता हे खरं, कंपनी 1932 पासून दिवाळखोरीत होती, पण न चालणारा डबा कोण विकत घेईल हो? 1902 चा नाइल्सचा 20 नंबर डबा आज साउथ एल्जिनच्या म्युझियममध्ये आहे, आणि तिथेही तो लोकांना बसवून धावलाय.

राहिलं "डब्यांमुळे बुडाल्या". मोटारगाड्या आणि पक्के रस्ते आले तशा बहुतेक इंटरअर्बन 1920-30 च्या दशकांतच संपल्या. आणि ही? एक्सप्रेसवे बांधायचा म्हणून 1953 मध्ये हिचा शहरात जायचा रस्ता तोडला, गाड्या शहराबाहेरच्या फॉरेस्ट पार्क या उपनगरातच थांबायला लागल्या, पुढे शिकागोला जायचं तर उतरून दुसरी गाडी पकडा, मग पॅसेंजर टिकणार कसे. 3 जुलै 1957 ला दुपारी सर्व्हिस अचानक बंद झाली, सकाळी त्याच गाडीने कामावर गेलेले लोक संध्याकाळी अडकून पडले, आणि तोपर्यंत लाकडी डबे स्टीलच्या डब्यांबरोबर रोज ड्युटीवर होते.